आभाळाची रोजनिशी

वादळाचा पाठलाग करणे हा माणसाचा छंद असू शकतो, हे ऐकून आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींना नवल वाटेल. वादळ आले की गुरे गोठ्यात घ्यावीत, खळ्यावरची रास झाकावी आणि दारे लावून घरात बसावे, ही आपली रीत. परंतु अमेरिकेत गेल्या सत्तर वर्षांत वादळ दिसले की मोटार काढून त्याच्या दिशेने जाणाऱ्यांचा एक पंथच निर्माण झाला आहे. त्यांनी टिपलेली चित्रे आता चिंताकीसारख्या सीमेवरच्या गावातील मुलांनाही मोबाईलवर पाहावयास मिळतात, आणि हा छंद आपल्याला करता येईल काय, त्याची सुरुवात कोठून करावी, असे ती विचारू लागली आहेत.

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर या छंदाच्या इतिहासातच सापडते. वादळांचे ज्ञान प्रथम ज्यांनी मिळविले ते बहुतेक एका जागी राहणारे लोक होते. जे दिसले ते त्याच दिवशी लिहून ठेवावयाचे, एवढाच त्यांचा नेम होता. आजच्या भाषणात त्या टिपणकारांची ओळख करून घेऊ.

प्रथम अमेरिकेतील पाठलागाचाच वृत्तांत पाहू. तेथील मध्यवर्ती मैदानी प्रांतांत वसंत ऋतूत टॉर्नेडो होतात. ढगातून सोंडेसारखा भोवरा जमिनीवर उतरतो आणि वाटेतील घरेदारे उचलून नेतो. १९५३ साली मिनेसोटातील रॉजर जेन्सन आणि १९५६ साली नॉर्थ डाकोटातील डेव्हिड होडली हे दोघे तरुण केवळ हौसेने अशा वादळांच्या मागे जाऊ लागले. १९६१ साली ओक्लाहोमात नील वॉर्ड या शास्त्रज्ञाने पोलिसांच्या गाडीतून हाच उद्योग शास्त्रीय हेतूने केला. पुढे होडलीने १९७७ साली या छंदासाठी एक नियतकालिकही सुरू केले.

या लोकांत टिम समारस नावाचा एक कसबी गृहस्थ होता. वादळाच्या वाटेवर आपली उपकरणे ठेवून तो वेळेवर दूर होत असे. २००३ साली साउथ डाकोटातील मँचेस्टर गावाजवळ त्याच्या उपकरणाने हवेचा दाब १०० मिलिबारने कोसळल्याची नोंद केली. असा सावध आणि जाणता माणूससुद्धा ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथे आपला मुलगा आणि एक सहकारी यांच्यासह टॉर्नेडोत मृत्यू पावला. त्या वादळाने एकाएकी दिशा बदलली होती आणि त्याचा घेर चार किलोमीटरांहून अधिक वाढला होता. जन्मभर ज्याचा अभ्यास केला त्याचाही भरवसा देता येत नाही, हे या घटनेवरून ध्यानी यावे.

आपल्या बीदर आणि कलबुर्गी भागांत तर पाठलागाला अवसरच थोडा. येथील उन्हाळी वादळे दुपारच्या तापलेल्या जमिनीवर उभी राहतात आणि तासा-दोन तासांत विरून जातात. पाठलाग करणारा निघेपर्यंत ढग डोक्यावर आलेला असतो. त्यातून आपल्याकडील मोठे भय विजेचे. भारतात दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात, आणि त्यांत उघड्या रानात काम करणाऱ्यांचा भरणा मोठा असतो. अशा प्रदेशात हौसेसाठी माळावर धावणे हे शहाणपणाचे नव्हे. मग या छंदातील घेण्यासारखे ते काय? ते जाणण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्या भागाच्या पावसाळ्याशी निगडित अशी एक जुनी टिपणी एका परदेशी माणसाची आहे. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरून जुन्नरास आला, आणि पावसाळा तेथे काढून बहामनी राज्याची राजधानी जे बीदर, तेथे पोहोचला. प्रवासाच्या आरंभीच लुटारूंनी त्याची पुस्तके नेली होती. त्यामुळे ख्रिस्ती सणांचे दिवसही त्याला अंदाजाने धरावे लागत. तरीसुद्धा जुन्नरचा पाऊस पवित्र त्रैक्याच्या सणाला लागला आणि चार महिने रात्रंदिवस जिकडेतिकडे पाणी आणि चिखल होता, असे त्याने लिहून ठेवले. या ऋतूला तो हिवाळा म्हणतो, ही गोष्ट वेगळी. पण आरंभ केव्हा आणि मुक्काम किती, या दोन गोष्टी त्याने टिपल्या, म्हणूनच साडेपाचशे वर्षांनंतरही तो पाऊस आपल्याला ओळखता येतो.

याच्या उलट उदाहरण बीदर शहरातच उभे आहे. महमूद गवानने १४७२ साली पुरा केलेला मदरसा आपण पाहिला असेल. त्याचा एक मनोरा उभा आहे, आणि दर्शनी भागाचा मोठा हिस्सा नाहीसा झाला आहे. औरंगजेबाच्या अमदानीत, सतराव्या शतकाच्या अखेरीस, तेथे साठविलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन ही हानी झाली. वीज पडून दारू पेटली अशी परंपरा आहे. काही जण केवळ स्फोटाचाच उल्लेख करतात. त्या दिवशी आभाळ कसे होते, गडगडाट कोणत्या बाजूने आला, हे पाहणाऱ्या कोणी दोन ओळींत टिपले असते तर हा वाद उरलाच नसता.

कोकणपट्टीत वसईवर मे १६१८ मध्ये मोठे तुफान झाले. वाऱ्याने समुद्राचे पाणी शहरात लोटले आणि चर्चची छपरे उडविली, असे वर्णन पोर्तुगीज लेखकांनी केलेले आढळते. ही वर्णने भयाने भरलेली आहेत. तथापि महिना, ठिकाण आणि नुकसान एवढे त्यांत स्पष्ट आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी चक्रीवादळ येऊ शकते, हे आज सांगताना अभ्यासक या चारशे वर्षांपूर्वीच्या नोंदीकडेही बोट दाखवितात.

अशा सुट्या नोंदी एकत्र जुळवून पाहिल्या तर वादळाचे अंग कळेल, हा विचार आपल्या देशात पद्धतशीरपणे राबविला तो कलकत्त्यातील हेन्री पिडिंग्टन यांनी. हे पूर्वी जहाजावर अधिकारी होते. वादळातून वाचून आलेल्या जहाजांच्या रोजनिश्या ते मागवून घेत, आणि कोणत्या घटकेस कोणत्या जहाजावर वारा कोणत्या दिशेचा होता हे नकाशावर मांडीत. त्यावरून वारा एका मध्याभोवती वेटाळे घालतो हे त्यांना स्पष्ट दिसले. सापाच्या वेटोळ्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी १८४८ साली अशा वादळाला ‘सायक्लोन’ हे नाव दिले, आणि ते आज जगभर चालते. पिडिंग्टन स्वतः एकाही वादळामागे गेले नाहीत. शेकडो खलाशांच्या वह्या त्यांच्या टेबलावर आल्या. १८५३ साली त्यांनी गव्हर्नर-जनरलना कळविले की, मातला नदीच्या मुखाजवळ नवे बंदर बांधाल तर एखाद्या वादळात समुद्राची लाट ते धुऊन नेईल. बंदर बांधले गेले, आणि १८६७ च्या नोव्हेंबरातील वादळाने ते मोडून टाकले. पिडिंग्टन तेव्हा हयात नव्हते.

त्याच नोव्हेंबरात कलकत्त्यात आणखी एक गोष्ट घडली. सेंट झेवियर कॉलेजात फादर युजीन लाफाँ नावाचे बेल्जियन जेझुइट धर्मगुरू विज्ञान शिकवीत होते. दोनच वर्षांपूर्वी ते या देशात आले होते. हाताशी मिळाली तेवढी साधने मांडून त्यांनी कॉलेजात हवेची दैनिक नोंद सुरू केली होती. हवेचा दाब उतरत चाललेला पाहून त्यांनी येऊ घातलेल्या वादळाची सूचना अगोदर दिली आणि त्यामुळे पुष्कळांचे प्राण वाचले. पुढे जगदीशचंद्र बोस याच फादरांचे विद्यार्थी झाले.

जगाच्या दुसऱ्या टोकांनाही असेच शिक्षक-धर्मगुरू आढळतात. क्यूबातील हवाना येथे बेलेन विद्यालयाच्या वेधशाळेत फादर बेनितो विन्येस १८७० पासून रोज ठराविक वेळी आभाळ पाहात. पिंजलेल्या कापसासारखे उंचावरचे ढग कोणत्या दिशेने पसरतात, यावरून दूरच्या समुद्रातील वादळाचे स्थान ते अदमासत. ११ सप्टेंबर १८७५ रोजी त्यांनी वादळाचा पहिला इशारा प्रसिद्ध केला. फिलिपाइन्समधील मनिला येथे फादर फेदेरिको फाउरा यांनी ७ जुलै १८७९ रोजी असाच इशारा दिला. या तिघांजवळ तारायंत्र, दाबमापक आणि नेमाने लिहिलेली वही यांपलीकडे फारसे काही नव्हते. धर्मगुरूंच्या दिनक्रमात प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या असतात. आभाळ पाहण्याची वेळही त्यांनी त्याच शिस्तीने पाळली, असे मला वाटते.

आपल्या मराठी मुलखातही ही परंपरा जुनी आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ साली उभी राहिली आणि १८४१ पासून तेथे हवेची मोजमापे नियमाने होऊ लागली. प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली ज्या एतद्देशीय तरुणांनी तेथे काम केले, त्यांत केरो लक्ष्मण छत्रे होते. हेच पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले आणि लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून प्रसिद्धी पावले. रात्री-अपरात्री उठून आकडा वाचावयाचा आणि तो जसाचा तसा लिहावयाचा, हे काम बाहेरून अगदी नीरस दिसते. त्याची किंमत केव्हा कळते, याचा एक मासला सांगतो.

जगातील भीषण वादळांच्या अनेक याद्यांत ६ जून १८८२ चे ‘मुंबईचे महावादळ’ दाखविलेले असते आणि त्यात एक लाख माणसे मेली असे लिहिलेले असते. पुस्तकामागून पुस्तकांत हा आकडा उतरविला गेला. अलीकडे संशोधकांनी त्या काळची दप्तरे आणि वृत्तपत्रे तपासली, तेव्हा एवढ्या संहाराचा कोठे मागमूसही आढळला नाही. ते वादळ झालेच नव्हते, असा निष्कर्ष निघाला. मात्र नोव्हेंबर १८५४ चे आणि नोव्हेंबर १९४८ चे, ही मुंबईची वादळे खरी होत. त्यांच्या नोंदी आहेत. रोजच्या नोंदीचे हे दुहेरी काम आहे. खरे वादळ तिच्यात टिकते, आणि न झालेले वादळ तिच्यामुळे गळून पडते. ज्या दिवशी काहीच घडले नाही त्या दिवसाचे शून्यसुद्धा म्हणूनच लिहावे लागते.

हौशी माणसांनी हे काम किती मोठ्या प्रमाणावर करावे, याचे उदाहरण इंग्लंडात मिळते. जॉर्ज सायमन्स या तरुणाने १८६० साली १६८ ठिकाणांच्या पावसाचे आकडे एकत्र करून प्रसिद्ध केले. १९०० साली तो वारला तेव्हा अशी ठिकाणे साडेतीन हजारांच्या आसपास झाली होती. पाद्री, डॉक्टर, शिक्षक, जमीनदार, माळी असे नाना तऱ्हेचे लोक विनावेतन पाऊस मोजून त्याला कळवीत. सायमन्सच्या नावाचा पर्जन्यमापक आपल्या तहसील कचेऱ्यांच्या आवारात कित्येक पिढ्या उभा राहिला.

आपल्याकडे सरकार जागे झाले ते आपत्तींमुळे. ५ ऑक्टोबर १८६४ च्या कलकत्त्याच्या वादळात सुमारे साठ हजार माणसे मेली. पाठोपाठ दुष्काळ आले. त्यानंतर १८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले, आणि त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हेही मूळचे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापकच. १९२८ साली खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून त्या इमारतीला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणू लागले. १९४४ साली मुख्य कार्यालय दिल्लीस गेले, तरी नाव राहिले.

आता आपल्या सीमाभागाकडे वळू. औरादच्या रानावर जो ढग येतो तो उदगीर, देगलूर आणि बीदर यांच्यात भेद करीत नाही. परंतु नोंदींची दप्तरे मात्र वाटली गेली. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बीदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले आणि हे तालुके मुंबई राज्यात गेले. निजामी अमलातील जुन्या कागदांत सन फसली असतो; त्यात साधारणतः ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. एखाद्या जुन्या दुष्काळाची किंवा गारपिटीची हकीकत आपल्या घरच्या कागदांत असेल, तर हा हिशेब ध्यानात ठेवावा. एकाच आभाळाची गोष्ट अशी दोन राज्यांत आणि तीन भाषांत विखुरली आहे. ती जोडावयाची असेल तर गावोगावच्या नोंदींचाच आधार घ्यावा लागेल.

शेतकऱ्यापाशी पावसाचे ज्ञान नव्हते, असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. मृगापासून हस्तापर्यंत प्रत्येक नक्षत्राचा पाऊस तो वेगळा ओळखतो. सहदेव-भाडळीच्या उक्ती घरोघर ठाऊक होत्या. बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, हे वळवाच्या पावसाचे त्याने केलेले वर्णन शास्त्रालाही मान्य होईल. परंतु याच वर्णनातून एक कर्तव्य निघते. पाऊस एवढा तुटक असेल तर औरादचा आकडा चिंताकीला लागू पडेलच असे नाही. आज कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या ठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत, हे खरे आणि स्वागतार्हही आहे. तथापि गार हरभऱ्याएवढी होती की लिंबाएवढी, वारा कोणत्या बाजूने फिरला, कोणत्या शेतातील ज्वारी लोळली, हे ते यंत्र सांगत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यावर आणि लगतच्या भागावर दिवसांमागून दिवस गारा पडल्या, तेव्हा हाताशी आलेली रब्बीची पिके गेली. अशा वेळी पंचनाम्याला आलेल्या माणसापुढे तारीख, वेळ आणि गारेचे माप लिहिलेली वही ठेवता आली, तर शेतकऱ्याच्या शब्दाला वजन येते.

म्हणून या छंदाची सुरुवात कशी करावी, ते थोडक्यात सांगतो. सरळ बाजूंचे, सपाट बुडाचे एक भांडे घ्यावे. भिंत वा झाड जेवढे उंच असेल त्याच्या दुप्पट तरी अंतरावर, मोकळ्या जागी ते पक्के बसवावे. रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळी, आतील पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजून लिहावी आणि भांडे रिकामे करावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दहा मिलिमीटर पडला तर एका एकरावर सुमारे चाळीस हजार लिटर पाणी पडले, हा हिशेब मुलांना गणिताच्या तासालाही करता येईल.

वहीत तारीख, पाऊस सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ, वाऱ्याची दिशा आणि ढगांचे रूप लिहावे. ऐरणीसारखा सपाट माथा पसरलेला उंच ढग दिसला तर त्याची वेळ आणि दिशा अवश्य टिपावी. विजा आणि गारा त्याच्याच पोटात असतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांस वीज एक किलोमीटर दूर, असे समजावे. ही गणती तीसच्या आत आली की वही मिटून पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली तर मुळीच उभे राहू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेले ‘दामिनी’ हे मोबाईलवरील साधन जवळच्या विजांची सूचना देते. त्याचाही उपयोग करावा.

हे काम एका माणसाचे राहिले तर त्याच्या बदलीबरोबर वा आजारपणाबरोबर थांबते. शाळेने ते हाती घ्यावे, आणि एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडे वही सोपवावी, हे उत्तम. सीमेच्या अलीकडच्या शाळेने पलीकडच्या शाळेशी वर्षातून एकदा आकडे ताडून पाहिले, तर १९५६ साली वेगळी झालेली दप्तरे निदान मुलांच्या वह्यांत तरी शेजारी येतील. दहा वर्षांनी त्या वह्या पाहणाऱ्याला आपल्या गावचा पाऊस उशिरा येऊ लागला आहे की लवकर, गारांचे दिवस वाढले की कमी झाले, हे ऐकीव गोष्टींवर विसंबून सांगावे लागणार नाही. येत्या मृगाला अवकाश असला तरी वही आजच घालावी, आणि आज पाऊस पडला नसेल तर पहिल्या पानावर तारखेपुढे शून्य लिहावे.